दिवाळीनंतरचा भागाकार

शिक्षकाच्या नोकरीत पगार महिन्यातून एकदा येतो आणि किस्से दिवसातून चारदा! घरी जाऊन सांगायला लागले की आमचे हे पेपर तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, "सांग, पण आवाज हळू. हा वर्ग नाही." आता वीस वर्षं पोरांवर ओरडून आवाजच तसा झालाय, त्याला मी काय करू? आणि सांगितलं नाही तर रात्री झोप येत नाही. एक किस्सा बाहेर काढावा तर दुसऱ्या दिवशी दोन नवीन तयार असतात.

माझं माहेर अंबाजोगाईचं. कॉलेजांच्या गावात वाढलेली मी, नोकरी लागली ती गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या पलीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

यंदा माझ्याकडे सहावी आली. आमचे हेडमास्तर, ज्यांना अख्खं गाव 'मोठे सर' म्हणतं, ते वर्ग देताना म्हणाले, "मॅडम, नवीन काही शिकवायच्या भानगडीत पडू नका. आधी एकक-दशक पक्कं करून घ्या."

मी म्हटलं, "सर, सहावी आहे!"

"म्हणून तर!" सर म्हणाले.

*

पहिल्याच आठवड्यात मी एक चाचणी घेतली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सगळं थोडं थोडं. पेपर तपासायला बसले आणि रुक्माचा पेपर हातात आला. रुक्मा म्हणजे भीमरावांची मुलगी, दोन वेण्या, काटक, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. बेरजा सगळ्या बरोबर. वजाबाक्या सगळ्या बरोबर. अक्षर असं की बघत राहावं. गुणाकार अर्धे. आणि भागाकाराच्या जागी कोरं करकरीत पान! चुकलेला नाही, खोडलेला नाही, हातच लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला उभं केलं. "भागाकार का सोडला गं?"

"ते दिवाळीनंतरचं असतंय मॅडम."

"काय दिवाळीनंतरचं?"

"भागाकार. दुसरीतबी दिवाळीनंतर, तिसरीतबी, चौथीतबी, पाचवीतबी. आमी तवा उसात असतो."

मी खुर्चीवर बसले. दसरा झाला की तिचे आई-बाप ऊसतोडीला जातात, तिला घेऊन जातात, आणि ती परत येते ते परीक्षा उरकल्यावर. प्रत्येक वर्षी पुस्तकाचा पहिला अर्धा भाग तिने शिकलेला, दुसरा कधी बघितलेलाच नाही. बेरीज पाच वेळा शिकली आणि भागाकार एकदाही नाही! आणि पाच वर्षांत आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नाही. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली, खरं सांगते.

"यंदा मला भागाकार बघायचाय," रुक्मा म्हणाली. बघायचाय म्हणे! मी म्हटलं, "बघशील. यंदा तू जायचं नाहीस."

बोलून बसले. भागाकार काय, आठ दिवसांत शिकवला असता. पण दिवाळीनंतर अपूर्णांक होते, दशांश होते, अर्धं पुस्तक होतं. तिला गावात ठेवूनच घ्यायला हवं होतं. तशी सोयही होती. मागे राहणाऱ्या पोरांना शाळेत दोन्ही वेळचं जेवण मिळतं, आणि तिची आजी गावातच असते. फक्त भीमरावांनी 'हो' म्हणायचं बाकी होतं.

भीमराव भला माणूस. हात जोडून म्हणाले, "माझं काय न्हाई हो मॅडम. मुकादम ऐकत न्हाई." मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा गडी. पुढे चार महिने मी हे एकच वाक्य ऐकत होते.

*

तोवर बाकीच्या वर्गाने माझा जीव घ्यायचं ठरवलं होतं.

स्थानिक किंमत समजावी म्हणून मी एका रविवारी घरी बसून चारशे काड्या मोजल्या. दहा-दहाचे चाळीस गठ्ठे केले, रबर लावले. आमच्या ह्यांनाही बसवलं. दोघांची बोटं सोलून निघाली! सोमवारी तो सगळा पसारा वर्गात नेला, एक गठ्ठा वर धरला आणि विचारलं, "सांगा, हे काय?"

"मोळी!" सगळा वर्ग ओरडला.

अर्धा वर्ग ऊसतोड्यांचा. म्हटलं ठीक आहे, मोळी तर मोळी. "मग एका मोळीत किती?"

मग गणेश उठला. गणेश म्हणजे गण्या. ह्या वर्षभरातल्या माझ्या प्रत्येक डोकेदुखीला एकच नाव आहे, ते हे. "मॅडम, मोळीत मोजत नसतेत. उचलंल तेवढी बांधायची."

"अरे पण आपल्या मोळीत दहाच!"

"कुणाची मोळी हाय त्येच्यावर हाय ना. बापाची मोटी आसती, आईची जरा बारीक."

झालं! वर्गात भांडण सुरू. कुणाचा बाप किती मोठी मोळी उचलतो, कुणाची आई बापापेक्षा जास्त उचलते. मी डस्टर आपटून आपटून थकले. दशकाची किंमत गावातल्या माणसांच्या पाठीवर ठरायला लागली! शेवटी रुक्माने माझ्या हातातल्या दहा काड्यांकडे बघितलं आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मॅडम, नवीन माणसाला एवढीच जमती. राहू द्या."

*

जुलैत मोठ्या संख्या घेतल्या. मी फळ्यावर गण्याला बोलावलं आणि म्हटलं, "लिही, एक हजार पाच."

त्याने लिहिलं १०००५. आधी हजार पुरा, मग त्याच्यापुढे पाच.

"एक शून्य जास्त आहे, गणेश."

"आसू द्या की."

"असू द्या काय? चुकलं ना!"

"तुमीच म्हणलात ना मॅडम, शून्याला किंमत न्हाई. मग एक जास्त झालं तर कावून वरडता?"

मी कपाळावर हात मारला. नीट समजावलं. शून्य एकटं असताना वेगळं, जागेवर बसल्यावर वेगळं. फळ्यावर घरं आखली, प्रत्येक घरात एकच अंक, एकक इथं, दशक इथं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणारा वर्ग दिसला की मी आता घाबरते. तरी म्हटलं, "आता लिही बघू, दोन लाख तीन हजार पाच."

दोन लाख लिहिले, सहा अंक. त्यापुढे तीन हजार, चार अंक. गण्याचं अक्षर हातभर. फळा संपला! तो शांतपणे भिंतीवर गेला आणि पाच तिथं लिहिला.

तेवढ्यात मोठे सर दारातून डोकावले. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, रंग मागच्याच महिन्यात दिलाय."

*

वजाबाकीचा किस्सा मात्र शाळेबाहेर गेला.

बावन्नातून सत्तावीस वजा. दोनातून सात जात नाहीत. आता हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "बघा, घरातली साखर संपली की आई काय करते? शेजारणीकडून वाटीभर आणते. तसं एककाने शेजारच्या दशकाकडून एक आणायचा." पोरं खूश. मीही खूश. इतकं सोपं उदाहरण आपल्याला सुचलं म्हणून दिवसभर स्वतःचं कौतुक करत होते.

वह्या तपासल्या. अर्ध्या वर्गाचं उत्तर पस्तीस!

"पंचवीस यायला पाहिजेत. पस्तीस कसे आले?"

गण्या म्हणाला, "आणलेला परत दिला ना मॅडम."

"परत द्यायचा नसतो!"

वर्गाने पेन्सिली अशा खाली ठेवल्या की मलाच चुकल्यासारखं वाटलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी आणखी ठासून सांगितलं, "एकदा घेतला की घेतला. परत द्यायचा नाही. समजलं?"

दुसऱ्या दिवशी वर्गाचं उत्तर पंचवीस आलं. गण्याचं छत्तीस! आदल्या दिवशीपेक्षा एक जास्त. "हे काय रे?"

"आई म्हणली, परत तर द्यायचंच. अन् वाटी रिकामी देत नसतेत. म्हणून एक वरून घातला."

मी त्याला घसा फोडून समजावत होते, तेवढ्यात त्याची आईच दारात उभी राहिली. पदर खोचलेला, तोंड लाल. "मॅडम, तुमी पोरांला शिकिवता का काय करता? काल शेजारणीची वाटी परत द्यायला धाडलं, तर आमच्या धाकट्यानं बी जायला न्हाई म्हणलं. म्हणतंय, मॅडमनं सांगितलंय, एकदा घेतलं की परत द्यायचं न्हाई!"

त्या वाटीसाठी मी स्वतः त्या शेजारणीकडे गेले. वाटीत साखर घालून! तिथं बसून चहा प्याले, तेव्हा गावात माझं नाव परत नीट झालं. वजाबाकी शिकवण्यासाठी एवढं करावं लागतं हे डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

*

ऑगस्टमध्ये तपासणीला एक साहेब आले. कोण, कुठले, ते विचारू नका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्गात आले, खडू उचलला आणि फळ्यावर झोकात लिहिलं: ५०६०७०८. स्वल्पविराम नाही, काही नाही.

"वाचा कुणीतरी."

मी मागून डोळ्यांनी खुणावतेय, पण पोरं माझ्याऐवजी साहेबांच्या पेनांकडे बघतायत. साहेब हसले. "सोपं आहे. पाच लाख साठ हजार सातशे आठ."

रुक्मा उभी राहिली. "पन्नास लाख, साहेब."

"बस खाली."

ती बसली. पण बसून म्हणाली, "तरीबी पन्नासच."

साहेबांनी फळ्याकडे बघितलं. मग उजवीकडून बोट ठेवत पुटपुटायला लागले, एकं, दहं, शतं, सहस्र... बोट सातव्या अंकावर पोचलं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी डस्टर घेतला, फळा स्वच्छ पुसला, हात झटकले आणि शेरेबुकात लिहून गेले, "वर्ग समाधानकारक. स्वच्छतेकडे लक्ष द्यावे."

साहेबांची गाडी फाट्याकडे वळेपर्यंत मोठे सर हसतमुख उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पोरं हुशार करा, माझी हरकत नाही. पण किती, ते आधी ठरवून करा!"

मला हसू आलं आणि रागही आला. साहेबांची चूक काढणाऱ्या पोरीला दोन महिन्यांनी उसाच्या फडात पाणी भरायला न्यायचं, हे डोक्यातून जाईना. त्याच संध्याकाळी भीमरावांच्या घरी गेले. साहेबांचा किस्सा ऐकून माणूस फुलून आला. बायकोला हाक मारून दोनदा सांगायला लावला. आणि मग? मग हात जोडले. "माझं काय न्हाई हो मॅडम. मुकादम ऐकत न्हाई."

"मग मीच विचारते मुकादमाला!"

*

दसऱ्याच्या आधी मोठ्या सरांना घेऊन मुकादमाकडे गेले. सर यायला तयार नव्हते. पण मी म्हटलं, नाही आलात तर वर्गात गण्याला तुमच्या ताब्यात देते. लगेच चप्पल घातली!

मुकादम बाजेवर बसलेला. चहा आला. मी विषय काढायच्या आत त्यानेच सुरुवात केली. "मी तिसरीपस्तोर शाळेत गेलतो मॅडम. पण तोंडी मोजणीत मला बीड जिल्ह्यात कुणी हरवत न्हाई. विचारा काहीबी."

"मी पाढे विचारायला आले नाहीये."

"मग मी विचारतो. एकोणतीस सत्ते?"

आता काय सांगू! गणिताची शिक्षिका मी, वीस वर्षांची नोकरी, आणि ऐन वेळी डोकं बंद. एकोणतीस सत्ते... मोठे सर कपातल्या चहाकडे बघायला लागले.

"दोनशे तीन!" मुकादमाने मांडीवर थाप मारली. "पोरांला काय शिकिवता मग?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खाली ठेवून रुक्माचं सगळं सांगितलं. भागाकाराचं कोरं पान, शाळेतलं जेवण, आजी, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरगी गुणाची हाय, कबूल. पण टोळी ठरल्याली हाय. एकबी माणूस कमी पडल्यालं मला चालत न्हाई. मी मोजून नेतो अन् मोजून आणतो."

"अकरा वर्षांची पोर आहे हो ती!"

"चहा घ्या मॅडम. गार झाला."

बाहेर पडले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं, दुसरं कसलं नाही. शाळेजवळ आल्यावर मोठे सर हळूच म्हणाले, "दोनशे तीन बरोबर आहे, मॅडम. मी बोटांवर करून बघितलं."

*

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी वर्गात गुणाकार घेत होते आणि रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन थांबला. मागे दोन ट्रॉल्या. पत्रे, बाजा, भांडी, पोती, कोंबड्या, आणि वर माणसं. टोळी निघाली होती. अख्खा वर्ग खिडकीला. रुक्मा पोत्यावर बसलेली, मांडीवर दप्तर. दप्तर का घेतलं होतं देव जाणे. मी हातातल्या खडूसकट बाहेर पळाले.

मुकादम रस्त्यात उभा राहून मोजत होता. ऊसतोडीत माणसं कोयत्याने मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो एकेका जोडीकडे बोट करत होता, "धा... अकरा... बारा! बारा कोयते, चोवीस माणसं. भरली टोळी. काढ रे गाडी!"

"थांबा!" मी ट्रॅक्टरसमोर गेले. "भीमराव, पोरीला खाली उतरवा."

भीमरावांनी मान खाली घातली. "मॅडम, माझं काय..."

"ते वाक्य परत म्हणू नका! पाया पडते तुमच्या, पण ते वाक्य नको!"

मुकादम पुढे आला. "मॅडम, किती येळा सांगू? माणूस कमी पडतंय. टोळी तुटती माझी."

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. मोठे सर नंतर म्हणाले की खालच्या आळीपर्यंत ऐकू येत होतं. कारखाना काढला, मुकादमाची तिसरी काढली, पाच वर्षांचा भागाकार काढला. ट्रॅक्टरवाला इंजिन चालू ठेवून मजा बघत होता. कुणी हललं नाही.

मग वरून रुक्माचा आवाज आला. "काका, किती माणसं भरली?"

"चोवीस."

"परत मोजा की."

त्याला मोजायला सांगितलं आणि तो नाही म्हणाला, असं कधी झालं नसेल. त्याने बोट वर केलं आणि ठणठणीत आवाजात सगळ्या जोड्या परत मोजल्या. भीमराव आणि त्यांची बायको दहावा कोयता. "बारा कोयते. चोवीस!"

रुक्माने दप्तर पोत्यावर ठेवलं. ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन खाली उडी मारली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"आता मोजा."

मुकादमाने बोट वर केलं. एक, दोन, तीन... आवाज हळूहळू खाली येत गेला. दहाव्या कोयत्याला रुक्माच्या आईने पदर तोंडाला लावला. अकरा. बारा. बोट तसंच हवेत राहिलं. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

"किती झाली, काका?"

मुकादमाने बोट खाली घेतलं. मग म्हणाला, "चोवीस."

रुक्माच्या आईने पोत्यावरचं दप्तर उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, आणि भीमरावांनी मुकादमाकडे न बघता ते खाली माझ्याकडे दिलं.